सेंद्रिय, एकाच बागेची, ‘ड्राय’ पांढरी वाइन : लेबलावरचे तीन शब्द आणि शेतकऱ्याचा हिशेब

वडोदरा / नाशिक : प्रतापनगरची रेल्वे वसाहत असो की दांडिया बाजार, वडोदऱ्यातली मराठी कुटुंबं अधूनमधून वणीच्या गडाला, त्र्यंबकला नाहीतर शिर्डीला निघतातच. सापुतारा मागे पडला, वणी ओलांडली आणि दिंडोरीचा रस्ता लागला, की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. त्यातच मधूनमधून ‘वाइन टेस्टिंग’च्या पाट्या दिसतात. गाडीतले थोरले लोक तिकडे बघत नाहीत, धाकटे बघतात. आणि गाडी थांबलीच, तर काउंटरवर कुणीतरी पांढऱ्या वाइनची बाटली पुढे करून सांगतं की ही ड्राय आहे, सिंगल व्हिनयार्डची आहे, ऑरगॅनिक पद्धतीची आहे.

ऐकायला तिन्ही शब्द सारखेच भारदस्त. पण तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे. ‘ड्राय’ प्रयोगशाळेत तासाभरात मोजता येतं. ‘ऑरगॅनिक’ कागदांवर आणि निदान तीन वर्षांच्या थांबण्यावर उभं असतं. ‘सिंगल व्हिनयार्ड’ म्हणजे एकाच बागेची, आणि त्यासाठी आपल्याकडे विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे फारसा आधार नाही. तिन्ही शब्दांचा खर्च मात्र आधी बागेत होतो, दुकानात नंतर.

‘ड्राय’ म्हणजे कोरडी नव्हे

वडोदऱ्याच्या माणसाला ‘ड्राय’ म्हटलं की दारूबंदी आठवते. वाइनमध्ये त्याचा अर्थ इतकाच, की साखर उरलेली नाही. द्राक्षाच्या रसात यीस्ट वाढतं, साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपेपर्यंत ते चालू दिलं तर वाइन ड्राय. मध्येच टाकी थंड करून थांबवलं तर थोडी गोडी राहते. युरोपच्या नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ड्राय लिहिता येतं. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते, कारण आंबट असलं की तेवढी गोडी जिभेला कळत नाही. ताकात चिमूटभर साखर टाकली तर ते गोड लागत नाही, तसंच.

नाशिकची अडचण या आंबटपणातच आहे. इथली काढणी जानेवारी ते मार्च. दिवस तापायला लागलेले असतात आणि द्राक्षातलं आम्ल भराभर उतरतं. निफाड-दिंडोरीकडच्या थंड रात्री थोडा टेकू देतात. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरची उंचीही मदतीला येते. तरी पाच-सहा दिवस उशीर झाला तरी घड गोड होतात आणि वाइन सपक. म्हणून पांढऱ्या वाइनची द्राक्षं साधारण २० ते २२ ब्रिक्सला, पहाटे नाहीतर रात्री बत्तीच्या उजेडात तोडतात आणि ऊन वर यायच्या आत वायनरीत पोचवतात. मग स्टीलच्या थंड टाकीत रस दोन-तीन आठवडे सावकाश आंबतो.

पांढऱ्या वाइनसाठी इथे दोन जाती रुजल्या, शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच दोन लावल्या आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन याच द्राक्षांची निघाली. (सुला हे नाव त्यांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून आलं.) त्यांची शेनिन किंचित गोडसर असते, सॉव्हिन्यों ड्राय. पहिल्यांदा चाखणाऱ्याला सहसा गोडसर आवडते आणि ड्रायचा घोट घेऊन तो तोंड वाकडं करतो. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, सवयीचा प्रश्न आहे.

सेंद्रियचं घोडं कुठे अडतं

नाशिकची द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे पुढच्या हंगामाची काडी तयार करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळाची. युरोपात हे दुहेरी काम नाही. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो, वसंतात सगळे डोळे बरोबरीने फुटतात. आपल्याकडे वेलाला झोपायला थंडीच मिळत नाही. त्यामुळे छाटणीनंतर काही डोळे लगेच फुटतात, काही पंधरा दिवसांनी, काही फुटतच नाहीत.

यावर शेतकऱ्यांनी धरलेला उपाय म्हणजे पेस्टिंग. हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण, बाजारातलं ओळखीचं नाव डॉर्मेक्स, छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना लावायचं. आठ-दहा दिवसांत बाग एकसारखी फुटते. हे रसायन सेंद्रिय शेतीत चालत नाही. युरोपीय संघाने तर त्याची परवानगी २००८ मध्येच काढून घेतली. आणखी एक गोष्ट पेस्टिंगच्या मजुरांना माहीत असते, टेस्टिंगच्या पाहुण्यांना नसते. हे औषध हाताळल्याच्या आगेमागे माणसाने दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणजे वाइनच्या द्राक्षाला पेस्ट लावणाऱ्याने त्या दिवसांत त्याच द्राक्षाच्या वाइनचा घोटही घ्यायचा नाही.

पेस्ट न लावता बाग फोडायची तर छाटणीआधी पाण्याचा ताण द्यायचा, पानं हाताने उतरवायची, काडीवर डोळे कमी ठेवायचे. होतं, पण मजूर लागतात आणि फूट पुढेमागे होते. फूट पुढेमागे म्हणजे घडही पुढेमागे पिकणार, आणि एका तोडणीत होणारं काम तीन तोडण्यांवर जाणार.

त्यानंतर रोग. गोडी छाटणी झाली, कोवळी फूट निघाली, आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर डाऊनी ठरलेलीच. नेहमीच्या बागेत अशा वेळी आंतरप्रवाही बुरशीनाशक मारतात, ते पानाच्या आत शिरतं. सेंद्रिय बागेकडे मुख्यतः बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. ते पानावर बसतं आणि पावसाने धुऊन जातं. पुन्हा मारा. डिसेंबरात दव आणि ढगाळ हवा आली की भुरी. तिच्यावर गंधक चालतं, तेही सेंद्रियला मान्य आहे. म्हणजे ‘सेंद्रिय’ याचा अर्थ ‘फवारणीच नाही’ असा होत नाही. उलट फवारण्या वाढूही शकतात, फक्त पंपातलं द्रव्य वेगळं. तांबं जमिनीत साचून राहतं, म्हणून युरोपच्या सेंद्रिय नियमात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातलेली आहे. पाऊस नको तेव्हा आलेल्या वर्षी ती मर्यादा सांभाळणं तिकडच्या शेतकऱ्यालाही जड जातं.

नाशिकच्या शेतकऱ्याला रसायनांचा धडा नवा नाही. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या खायच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल अडकला. हे वाढ रोखणारं संजीवक, बागेत त्याला लिहोसीन किंवा सीसीसी म्हणतात. तोपर्यंत ते तपासणीच्या यादीतच नव्हतं, शेतकरी सर्रास वापरत होते. फटका बसल्यावर डायऱ्या, तपासण्या आणि काढणीपूर्वीचे दिवस मोजणं अंगवळणी पडलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, फवारणीचे सल्ले तिथून निघतात. मात्र अंश मर्यादेत असणं वेगळं आणि सेंद्रिय असणं वेगळं. काउंटरवर या दोन्हींची हमखास सरमिसळ होते. ‘सस्टेनेबल’ हा तिसरा शब्दही त्यातच घुसतो. त्याचा संबंध सौरऊर्जा, पाण्याची बचत, हलकी बाटली अशा गोष्टींशी असतो. चांगल्या गोष्टी आहेत, पण सेंद्रिय नव्हेत.

भारतात सेंद्रिय म्हणायचं तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं नाहीतर पीजीएस पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं आणि वेष्टनावर ‘जैविक भारत’ची खूण. पहिला कार्यक्रम २००१ पासून आहे, अपेडा तो चालवते. द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला रूपांतराचा काळ साधारण तीन वर्षं. या तीन वर्षांत शेतकरी सगळे नियम पाळतो, उत्पादन घटतं, आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शिवाय द्राक्षं सेंद्रिय झाली म्हणून वाइन सेंद्रिय होत नाही. वायनरीतली प्रक्रियाही त्याच नियमांत बसावी लागते. वाइन टिकावी म्हणून घालतात तो सल्फर डायऑक्साइड इथला कळीचा मुद्दा. युरोपात साध्या ड्राय पांढऱ्या वाइनला लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, सेंद्रियला १५०पर्यंत. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक वाइन’ असं लिहायचं तर वरून अजिबात घालायचा नाही. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली’ हा तिथे वेगळा, सौम्य दर्जा आहे.

या सगळ्यात गंमत भूगोलाची आहे. सापुताऱ्याच्या अलीकडचा डांग जिल्हा गुजरात सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये संपूर्ण नैसर्गिक शेतीचा म्हणून जाहीर केला. नागली, भात, भाज्या, सगळं रसायनाविना, असा तो संकल्प. घाटाच्या पलीकडे दिंडोरी, जिथे वाइन आहे आणि पेस्टिंगही आहे. सेंद्रिय एका बाजूला, वाइन दुसऱ्या बाजूला, मध्ये चेकपोस्ट.

एकाच बागेची म्हणजे कुणाची?

आता तिसरा शब्द. नाशिकच्या मोठ्या वायनऱ्या बरीचशी द्राक्षं करारावर घेतात. शंभर ठिकाणचा माल एका टाकीत जातो. चव दरवर्षी एकसारखी हवी असेल तर तेच सोयीचं, त्यात फसवणूक काही नाही. पण एखाद्या बागेची माती मुरमाड असते, उतार पूर्वेकडे असतो, वेल जुने असतात, आणि तिथल्या द्राक्षाला काही वेगळं सांगायचं असतं. ते वेगळेपण टाकीत मिसळू न देता स्वतंत्र भरलं तर ती सिंगल व्हिनयार्ड वाइन.

याचं जगातलं ठळक उदाहरण फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी आँझे शहराजवळ आहे, आणि ते नाशिककरांनी पाहण्यासारखं आहे, कारण द्राक्ष तेच, शेनिन ब्लां. बागेचं नाव कूले द सेराँ. सिस्टर्शियन साधूंनी ११३० साली तिथे वेल लावले. बाग अवघी सात हेक्टर, म्हणजे सतरा एकरांच्या आसपास. दिंडोरीत एवढी बाग असलेले शेतकरी सापडतील. पण फ्रान्सच्या कायद्यात या सात हेक्टरांना स्वतःचं स्वतंत्र ‘ॲपेलेशन’ आहे. त्या नावाची ड्राय पांढरी वाइन दुसऱ्या कुठल्याही शेतातून येऊच शकत नाही. संपूर्ण बाग एकाच, जोली कुटुंबाची.

निकोला जोली हे मूळचे बँकेतले. न्यूयॉर्क-लंडनची नोकरी सोडून ते १९७०च्या दशकात घरच्या शेतीवर आले. आधी रसायनं वापरून पाहिली, जमीन मरतेय असं वाटलं आणि १९८०च्या दशकात सगळी बाग बायोडायनॅमिक पद्धतीवर नेली. ही पद्धत सेंद्रियच्याही पुढची. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून ती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग चिमूटभर पाण्यात ढवळून शेतात शिंपडायचं. आपल्याकडे सुभाष पाळेकरांचं जीवामृत माहीत असलेल्याला हे परकं वाटणार नाही. शिंगाचा परिणाम शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही, आणि जोलींवर टीका करणारे फ्रान्समध्येही पुष्कळ आहेत. तरी तीव्र उतारावर घोड्याने नांगरणी, तणनाशक शून्य, घड पिकतील तसे चार-पाच वेळा फिरून तोडणी, एवढं तरी डोळ्यांना दिसतं. याच पुढेमागे पिकण्याला नाशिकचा सेंद्रिय शेतकरी घाबरतो. जोलींनी तीच कामाची रीत केली, कारण बाटलीची किंमत ते काम पेलते.

आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. पण ते एका प्रदेशाचं, बागेचं नव्हे. अमेरिकेत लेबलावर बागेचं नाव घातलं तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्या बागेची असावी लागतात. अशी बागेनिहाय शिस्त आपल्याकडे रुळलेली नाही. काही वायनऱ्या स्वतःच्याच बागांवर चालतात. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातली फ्रातेल्ली मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या आपल्या शेतांची नावं सांगते. तिथे निदान कुठली जमीन हे कळतं. करारावरच्या मालात सिंगल व्हिनयार्ड म्हटलं तर सरळ विचारावं : गाव कुठलं, गट नंबर कुठला? ज्याच्याकडे उत्तर आहे तो आनंदाने सांगतो, कधी बागेत घेऊनही जातो.

साडेबारा रुपये

थोडा हिशेब. आकडे धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत.

एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. वाइनच्या द्राक्षाचं एकरी उत्पादन ५ टन आणि भाव किलोला ४० रुपये धरला, तर एकरी २ लाख रुपये आले आणि एका बाटलीतली द्राक्षं ५० रुपयांची झाली. सेंद्रियकडे वळल्यावर उत्पादन ४ टनांवर आलं, भाव तोच राहिला, तर एकरी १ लाख ६० हजार. शेतकऱ्याचे ४० हजार गेले. ते भरून काढायला किलोला ५० रुपये भाव हवा. बाटलीमागे द्राक्षाचा खर्च ५० वरून साडेबासष्ट होईल. फरक साडेबारा रुपये. वाढीव मजुरी आणि प्रमाणपत्राची फी धरून तो दुप्पट करा, पंचवीस रुपये.

लेबलावर ‘ऑरगॅनिक’ आणि ‘सिंगल व्हिनयार्ड’ छापल्यावर बाटलीच्या किमतीत होणारी वाढ पंचवीस रुपयांवर थांबत नाही, हे कुठल्याही दुकानाच्या फळीवर दिसतं. वरचा भाग कुणाकडे जातो, हा खरा प्रश्न. आणि तीन वर्षांच्या रूपांतराचा तोटा कोण सोसतो, हा त्याहून खरा. करारात त्या तीन वर्षांचा वाढीव भाव लिहिलेला नसेल तर तो शेतकरीच सोसतो.

शेतकरी सावध असण्याचं कारणही आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले, ‘वाइनची द्राक्षं लावा’ असं सगळे सांगत होते. बऱ्याच जणांनी कर्ज काढून लावली. २००८ नंतर मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या, काही ठिकाणी द्राक्षं उचललीच गेली नाहीत. वाइनचं द्राक्ष बारीक, बियाळ, आंबूस. बाजार समितीत ते कोण घेणार? अनेकांनी वेल उपटून पुन्हा थॉमसन नाहीतर दुसरं खायचं वाण लावलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा ‘शेतकऱ्यांच्या हिताचा’ म्हणून तो मांडला गेला. विरोध झाला आणि निर्णय मागे पडला. त्या वादात वाइन दारू आहे की नाही यावर पुष्कळ बोललं गेलं. करारावरच्या भावाबद्दल फार कमी.

परतीच्या वाटेवर

प्रतापनगरच्या वाचकासाठी कायद्याची बाजू. गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हींकडचा दारूबंदी कायदा मुळात एकच आहे, मुंबई राज्याचा १९४९चा. बडोदा संस्थान त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि हा कायदा इथे आला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्राने परवान्यांची दारं उघडत नेली, गुजरातने बंद ठेवली. नवापूर स्टेशनात तर हद्द फलाटावरूनच जाते. निम्मं स्टेशन एका कायद्यात, निम्मं दुसऱ्या.

महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं आणि कागदोपत्री परवानाही लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो, टेस्टिंगच्या ठिकाणी विचारावं. बाटली विकत घेऊन गुजरातेत नेणं मात्र गुन्हा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारूच्या वाहतुकीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘वाइन आहे, दारू नाही’ किंवा ‘सीलबंद आहे, बिल आहे’ हे चेकपोस्टवर चालत नाही. पिऊन हद्दीत शिरणंही गुन्ह्यातच येतं. ३१ डिसेंबरच्या रात्री दमणहून परतणाऱ्यांची वलसाडकडे दरवर्षी धरपकड होते, ती याचसाठी. टेस्टिंग करायचं असेल तर त्या रात्री मुक्काम नाशिकलाच ठेवावा, आणि गाडी चालवणाऱ्याने चाखूही नये.

गुजरातेत परवाने आहेत, पण मोजके. चाळिशी उलटलेल्यांना वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने आरोग्य परवाना मिळू शकतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्याला तात्पुरता परवाना मिळतो. म्हणजे पुण्याहून वडोदऱ्याला आलेल्या धाकट्या भावाला कागद करून बाटली घेता येते, घरमालक असलेल्या थोरल्याला नाही. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीला डिसेंबर २०२३ मध्ये मिळालेली सवलत त्या आवारापुरतीच आहे.

बागा बघायच्या असतील तर फेब्रुवारी उत्तम. तोडणी चालू असते, क्रशर चालू असतो, आणि टाकीतून काढलेला, अजून वाइन न झालेला गोड रस काही ठिकाणी चाखायला देतात. मात्र तोही आंबायला लागलेला असतो, त्यामुळे बाटलीत भरून घाट उतरू नये.